अक्षरांशी झुंज

बहुतेक प्रत्येक शाळेत एखादा विद्यार्थी असा असतो की, त्याचे कोडे कोणालाच उलगडत नाही. शिक्षकांनी तोंडी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर तो इतरांच्या आधी देतो. एकदा ऐकलेली गोष्ट तो महिन्यांनंतरही जशीच्या तशी सांगतो. सायकलीची उतरलेली साखळी बसवणे असो की दिवाळीतील किल्ल्याचा बुरूज रचणे असो, त्याच्या हाताला हमखास यश येते. परंतु पुस्तक हाती देऊन 'वाच' म्हटले की, त्याच मुलाचा चेहरा उतरतो. ओळीवर बोट ठेवून तो एकेक अक्षर चाचपडत पुढे जातो. असलेला शब्द गाळतो, नसलेला घालतो, आणि वाक्याच्या शेवटास पोहोचेपर्यंत त्याचा आरंभ विसरून जातो. वर्गात खसखस पिकते. प्रगतिपुस्तकावर 'अभ्यासात लक्ष नाही', 'आळस सोडावा' असे शेरे पडतात. घरी बोलणी बसतात. वर्षानुवर्षे हेच ऐकत आल्यावर तेरा-चौदा वर्षांच्या त्या मुलाच्या मनात प्रश्न उभे राहतात : मी खरोखरच आळशी आहे काय? मी मंदबुद्धी आहे काय? की माझ्या ठिकाणी असे काही आहे, जे अद्याप कोणाच्याच ध्यानात आलेले नाही?

यांपैकी तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा होय. कारण त्याच्या उत्तरावर त्या मुलाचे पुढील सारे आयुष्य अवलंबून असू शकते. हा प्रश्न आजचाही नाही. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी एका डॉक्टरांनी तो एका मुलाविषयी विचारला, आणि त्याचे उत्तर शोधण्याच्या कामास तेव्हापासून खरी सुरुवात झाली.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर सीफर्ड नावाचे एक गाव आहे. तेथे डॉ. प्रिंगल मॉर्गन हे वैद्यकीय व्यवसाय करीत असत. त्यांच्याकडे पर्सी नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाची तपासणी झाली. हा मुलगा चुणचुणीत होता, खेळांत चपळ होता आणि समवयस्क मुलांपेक्षा कोणत्याही बाबतीत कमी नव्हता. उणीव एकच होती : त्याला वाचता येत नव्हते. वयाच्या सातव्या वर्षापासून तो शाळेत किंवा घरी शिक्षकांच्या हाताखाली शिकत होता. त्याला वाचन शिकवण्यासाठी शिक्षकांनी कसून प्रयत्न केले होते. तरीही सात वर्षांच्या या परिश्रमानंतर एका अवयवाचे छोटे शब्दसुद्धा तो मोठ्या कष्टाने, अक्षरे लावत लावत वाचीत असे.

डॉक्टरांनी प्रथम त्याचे डोळे तपासले. दृष्टी उत्तम होती. मग त्यांनी लहान मुलांच्या सोप्या पुस्तकातील एक वाक्य त्याच्यापुढे ठेवले. वारंवार येणारे काही बारीकसारीक शब्द सोडले, तर त्याला एकही शब्द बिनचूक वाचता आला नाही. स्वतःचे नाव लिहिताना त्याने मधल्या दोन अक्षरांची अदलाबदल केली, त्यामुळे 'पर्सी'चे जणू 'प्रेसी' झाले. आणि ही चूक एकाहून अधिक वेळा निदर्शनास आणून दिल्यावरच त्याच्या लक्षात आली. यानंतर डॉक्टरांनी त्याच्यासमोर अंक मांडले, तेव्हा मात्र चित्र पालटले. लाखांच्या घरातील संख्या त्याने झटकन वाचून दाखवली. 749 ला 867 ने गुणण्यास सांगताच त्याने तो गुणाकार भराभर आणि अचूक केला. बीजगणिताचे उदाहरणही त्याने सोडवले. अंकगणित आपल्याला आवडते, पण लिहिलेल्या किंवा छापलेल्या शब्दांतून आपल्याला काहीच अर्थबोध होत नाही, असे त्याचे सांगणे होते.

पर्सीला काही वर्षे शिकवणाऱ्या शाळामास्तरांचा अभिप्रायही डॉ. मॉर्गन यांनी नोंदवून ठेवला आहे. सारे शिक्षण जर केवळ तोंडी दिले जात असते, तर हा मुलगा शाळेतील सर्वांत हुशार विद्यार्थी ठरला असता, असे त्या मास्तरांचे मत होते. ज्या मुलाला पाहून इतर लोक 'मठ्ठ' म्हणून मोकळे झाले असते, त्याची बुद्धी या शिक्षकाने अचूक हेरली होती. तथापि त्या बुद्धीला वाट कशी करून द्यावी, हे त्या काळी कोणालाच ठाऊक नव्हते.

डॉ. मॉर्गन यांनी ही सर्व हकीकत 7 नोव्हेंबर 1896 रोजी इंग्लंडमधील एका प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापली आणि या स्थितीला 'जन्मजात शब्दांधता' असे म्हटले. 'शब्दांधता' हा शब्द त्यांच्या आधीच प्रचारात आला होता. जर्मन वैद्य आडोल्फ कुसमाउल यांनी 1877 मध्ये तो वापरला होता. परंतु तो प्रौढ रुग्णांविषयी होता. मेंदूला इजा झाल्यावर काही माणसांची नजर, वाणी व बुद्धी शाबूत राहते, पण येत असलेले वाचन मात्र नाहीसे होते, असे त्यांना आढळले होते. 1887 मध्ये जर्मनीतीलच नेत्रवैद्य रुडोल्फ बर्लिन यांनी अशाच रुग्णांसाठी 'डिस्लेक्सिया' ही संज्ञा योजली. ग्रीक भाषेतील 'कठीण' आणि 'शब्द' या अर्थांच्या पदांवरून ती बनली आहे. डॉ. मॉर्गन यांच्या लेखाने त्यात नवी भर घातली ती अशी की, ज्याच्या मेंदूला कधी इजा झालेली नाही, अशा निरोगी व बुद्धिमान मुलालाही जन्मतःच ही अडचण असू शकते. आज तिला डिस्लेक्सिया किंवा वाचन-अक्षमता या नावाने ओळखतात.

ही अडचण समजून घ्यावयाची असेल, तर वाचन म्हणजे काय याचा प्रथम विचार केला पाहिजे. ज्याला वाचता येते, त्याला वाचन ही अगदी स्वाभाविक गोष्ट वाटते. वस्तुतः ती तशी नाही. बोलणे मूल आपोआप शिकते. त्यासाठी त्याला शाळेत घालावे लागत नाही. मनुष्य हजारो पिढ्या बोलत आला आहे आणि त्याच्या मेंदूची घडणही त्यास अनुकूल झाली आहे. लेखनकला मात्र अवघी पाच-साडेपाच हजार वर्षांपूर्वीची. त्यामुळे वाचनासाठी म्हणून निसर्गाने मेंदूत वेगळी जागा राखून ठेवलेली नाही. वाचायला शिकताना प्रत्येक मुलाला डोळ्यांनी पाहिलेला आकार, कानांनी ऐकलेला ध्वनी आणि मनाला कळलेला अर्थ यांची सांगड नव्याने घालावी लागते. बहुसंख्य मुलांच्या मेंदूत, विशेषतः त्याच्या डाव्या अर्धगोलात, ही वाट दोन-तीन वर्षांच्या सरावाने पक्की होते. मग अक्षर दिसताच ध्वनी आणि अर्थ आपोआप हजर होतात. डिस्लेक्सिया असलेल्या मुलाच्या बाबतीत ही वाट तयार होण्यास फार वेळ लागतो, आणि झालेली वाटही अरुंद राहते. विसाव्या शतकाच्या अखेरीस काम करणाऱ्या मेंदूची चित्रे घेण्याची साधने उपलब्ध झाली. वाचन करताना अशा व्यक्तींच्या मेंदूतील डावीकडचे काही भाग इतरांच्या मानाने कमी कार्यरत असतात, असे त्या चित्रांतून दिसून आले.

कित्येकांची अशी समजूत असते की, या मुलांना अक्षरे उलटी दिसतात. ही समजूत बरोबर नाही. त्यांचे डोळे इतरांसारखेच पाहतात. मूळ अडचण बहुधा ध्वनीशी संबंधित असते. 'कमळ' या शब्दातील पहिले अक्षर काढून टाकले, तर काय उरते, असे विचारल्यास बहुतेक मुले 'मळ' असे चटकन सांगतील. डिस्लेक्सिया असलेल्या मुलाला हेच उत्तर शोधताना अडखळावे लागते. बोललेला शब्द त्याला पूर्ण समजतो, परंतु त्याचे तुकडे करून प्रत्येक तुकड्याला अक्षर जोडणे त्याला जड जाते.

आपली देवनागरी लिपी एका दृष्टीने या मुलांना साहाय्य करणारी आहे. इंग्रजीत एकाच अक्षराचे अनेक उच्चार होतात. मराठीत लिहिलेले आणि बोललेले यांत बरेचसे साम्य असते. असे असले तरी देवनागरीतही काही अवघड वळणे आहेत. 'दिवस' हा शब्द पाहा. त्यातील वेलांटी 'द'च्या आधी दिसते, पण तिचा उच्चार 'द'च्या नंतर होतो. 'र' या अक्षराची रूपे पाहा. 'क्रम' आणि 'कर्म' या दोन्ही शब्दांत क, र आणि म हीच तीन अक्षरे आहेत. एकात 'र' पायाशी तिरपा बसतो, तर दुसऱ्यात रफार होऊन पुढील अक्षराच्या माथ्यावर चढतो. 'राष्ट्र' या शब्दाच्या शेवटी त्याचे रूप आणखी निराळे, आणि 'तऱ्हा' या शब्दात त्याहूनही निराळे. प आणि ष, घ आणि ध, भ आणि म, ब आणि व यांच्यातील भेद तर एखाद्या रेघेचा किंवा गाठीचा आहे. सराईत वाचकाला हे भेद जाणवतही नाहीत. ज्याची वाट अरुंद आहे, त्याला मात्र प्रत्येक ओळीत अशा दहा ठेचा लागतात. 'पर्सी'चे 'प्रेसी' करणारा मुलगा आणि 'कर्म'ऐवजी 'क्रम' वाचणारा आपला विद्यार्थी हे एकाच जातीच्या अडचणीशी झुंजत असतात.

वाचनाप्रमाणेच काहींना लेखन विलक्षण जड जाते. विचार मनात तयार असतात, परंतु हाताने अक्षरे उमटवताना इतके बळ खर्च होते की विचारच निसटून जातात. काहींची अडचण गणिताची असते. पर्सीला अंक सोपे आणि शब्द कठीण होते, तर या मुलांना शब्द सोपे पण लहानमोठी संख्या, हातचे आणि पाढे यांचा मेळ बसत नाही. या सर्व प्रकारांना मिळून 'अध्ययन-अक्षमता' म्हणतात. अमेरिकेतील शिक्षणतज्ज्ञ सॅम्युएल कर्क यांनी 1963 मध्ये पालकांच्या एका परिषदेत ही संज्ञा मांडली आणि ती रूढ झाली. अशा मुलांची संख्याही थोडीथोडकी नाही. शंभर मुलांमागे पाच ते दहा मुलांना वाचनाची अशी अडचण असावी, असा तज्ज्ञांचा सर्वसाधारण अंदाज आहे. पुष्कळदा ती एकाच घराण्यात अनेकांना असते. तिचा संबंध आळसाशी नाही, आणि आईवडिलांच्या लाडाशी किंवा धाकाशीही नाही.

याहून वेगळी अशी दुसरी एक अडचण आहे. तीत अक्षर ओळखता येते, शब्दही वाचता येतो. पण चित्त एका जागी ठरत नाही. पान वाचून संपते आणि काय वाचले ते आठवत नाही. गणिताची रीत बरोबर असते, पण बेरजेचे चिन्ह वजाबाकीचे समजून उत्तर चुकते. कंपासपेटी आज वर्गात राहते, तर डबा उद्या बसमध्ये. प्रश्न पुरा होण्याच्या आत उत्तर तोंडातून बाहेर पडते. काही मुले सतत चुळबुळ करतात, जागेवरून उठतात, दुसऱ्याचे बोलणे तोडतात. याउलट काही मुले, आणि त्यांत मुलींचे प्रमाण बरेच असते, अगदी शांत बसलेली असतात; त्यांचे मन मात्र खिडकीबाहेर कोठेतरी दूर गेलेले असते. चुळबुळ करणाऱ्या मुलाकडे शिक्षकांचे निदान लक्ष तरी जाते. शांत मुलीची अडचण अनेक वर्षे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

लंडनमधील बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी 1902 मध्ये दिलेल्या व्याख्यानांत अशा काही मुलांचे वर्णन केले होते. या मुलांच्या बुद्धीत सर्वसाधारणपणे काही न्यून नव्हते, परंतु स्वतःला आवरणे आणि एखाद्या गोष्टीवर लक्ष टिकवून धरणे त्यांना साधत नव्हते. आज या स्थितीला 'अवधान-कमतरता आणि अतिचंचलता' म्हणतात. 'एडीएचडी' हे तिचे संक्षिप्त इंग्रजी नाव आता आपल्याकडेही परिचयाचे झाले आहे. लक्ष कोठे द्यावे, कोठून काढून घ्यावे आणि मनात आलेली ऊर्मी क्षणभर कशी रोखावी, हे ठरवण्यात कपाळामागील मेंदूच्या भागाचा मोठा वाटा असतो. अमेरिकेत 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात या मुलांच्या मेंदूचे बाह्य आवरण परिपक्व होण्यास इतरांपेक्षा सरासरी तीन वर्षे अधिक लागतात, असे आढळले. म्हणजे बारा वर्षांच्या मुलाकडून बारा वर्षांच्या संयमाची अपेक्षा केली जाते, आणि त्याच्यापाशी तो संयम अद्याप पुरता तयार झालेला नसतो.

या मुलांविषयी एक गैरसमज नेहमी होतो. 'क्रिकेट पाहताना तर तो तासन् तास हलत नाही. मग अभ्यासालाच काय होते? याचा अर्थ तो मुद्दाम करत नाही,' असे मोठी माणसे म्हणतात. वरवर पाहता हा युक्तिवाद बिनतोड वाटतो. परंतु आवडीची गोष्ट लक्षाला स्वतःकडे खेचून घेते. नावडत्या किंवा संथ कामाकडे लक्ष आपल्या बळाने वळवावे लागते. पहिल्या प्रसंगी पाणी उतारावरून वाहते, दुसऱ्या प्रसंगी ते विहिरीतून शेंदावे लागते. या मुलांच्या विहिरीत पाणी असते. शेंदण्याचा दोर मात्र आखूड पडतो.

हे सर्व वाचून एखाद्या विद्यार्थ्याला वाटेल, 'मीही डबा विसरतो, माझीही वेलांटी चुकते. तेव्हा मलाही हीच अडचण असणार.' येथे सावध राहिले पाहिजे. शंका येणे वेगळे आणि निदान होणे वेगळे. वेंधळेपणा, कंटाळा आणि चुका या गोष्टी प्रत्येकाच्या वाट्याला येतात. अवधानाच्या अडचणीचे निदान करताना तज्ज्ञ काही गोष्टी काटेकोरपणे पाहतात. तिची लक्षणे बाराव्या वर्षाच्या आत दिसू लागलेली असावी लागतात. ती किमान सहा महिने टिकलेली असावी लागतात. आणि ती केवळ शाळेत किंवा केवळ घरी न दिसता एकाहून अधिक ठिकाणी दिसावी लागतात. एका शिक्षकाच्या तासाला कंटाळा येतो, एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

शिवाय अभ्यासात मागे पडण्याची इतरही कारणे असतात. फळा नीट दिसत नसेल, तर चष्मा लागलेला असण्याचा संभव असतो. कान अधू असेल, तर श्रुतलेखन चुकणारच. शरीरात रक्त कमी असले किंवा झोप पुरेशी मिळत नसली, तरी मन एकाग्र होत नाही. घरात भांडण, आजार किंवा पैशाची विवंचना असेल, तर पुस्तकावरील डोळे पुस्तक पाहत नाहीत. ज्या मुलाच्या घरी गोंडी, कोरकू किंवा भिली बोलली जाते, त्याला शाळेतील मराठी प्रथम परकीच वाटते. त्याचे अडखळणे हा अक्षमतेचा पुरावा नव्हे. म्हणून निदानापूर्वी ही सारी कारणे एकेक करून तपासून पाहावी लागतात.

मग ज्या विद्यार्थ्याच्या मनात खरोखरच अशी शंका आहे, त्याने काय करावे? पहिली गोष्ट म्हणजे ती लपवू नये. लपवण्यासाठी मुले किती युक्त्या योजतात, हे पाहिले म्हणजे मन थक्क होते. वाचनाची पाळी येणार असे दिसले की कोणी पोट दुखल्याचे सांगतो. कोणी शेजाऱ्याकडून धडा ऐकून पाठ करतो आणि पुस्तक डोळ्यांपुढे धरून वाचल्यासारखे दाखवतो. कोणी विदूषकाचे सोंग घेतो. 'याला येत नाही' असे म्हणण्यापेक्षा 'हा खोडकर आहे' असे लोकांनी म्हटलेले त्याला बरे वाटते. या युक्त्यांना लागणारी बुद्धी काही कमी नसते. दुःखाची गोष्ट ही की, ती सारी बुद्धी शिकण्याऐवजी न शिकणे झाकण्यात खर्च होते, आणि दरवर्षी हे ओझे वाढत जाते.

त्याऐवजी त्याने विश्वासाच्या एका मोठ्या माणसापाशी मन मोकळे करावे. ते आईवडील असतील, आजी असेल किंवा वर्गशिक्षक असतील. 'मला अभ्यास जमत नाही' एवढेच मोघम सांगण्यापेक्षा नेमके काय जमत नाही, हे सांगितले तर ऐकणाऱ्याला उमज पडते. वाचताना ओळ चुकते काय? फळ्यावरचे उतरून घेण्यास इतरांच्या दुप्पट वेळ लागतो काय? तोंडी उत्तर येते पण लेखी येत नाही, असे होते काय? हे केव्हापासून होते? दोन-तीन आठवडे अशा गोष्टी वहीत टिपून ठेवल्या, तर ती वही डॉक्टरांनाही मार्गदर्शक ठरते.

यानंतरचे काम तज्ज्ञांचे. डोळे व कान तपासले जातात. मानसशास्त्रज्ञ बुद्धीची चाचणी घेतात, तसेच वाचन, लेखन व गणित यांच्या वेगवेगळ्या चाचण्या घेतात. घरच्या मंडळींना आणि शिक्षकांना प्रश्न विचारले जातात. यात सुई टोचणे नाही की कडू औषध नाही. बरीचशी तपासणी प्रश्न, चित्रे, कोडी आणि उतारे यांच्याच साहाय्याने होते. बुद्धी चांगली, शिकवणेही पुरेसे, आणि तरीही वाचन वयाच्या मानाने फार मागे, असे दिसून आले म्हणजे निदानाची दिशा निश्चित होते.

डिस्लेक्सिया हा काही ताप नव्हे की चार दिवसांच्या औषधाने उतरावा. तो जन्मभर सोबत राहतो. परंतु योग्य रीतीने शिकवले तर वाचन निश्चित सुधारते. अमेरिकेतील मेंदुतज्ज्ञ सॅम्युएल ऑर्टन यांनी 1925 पासून अशा मुलांचा अभ्यास केला, आणि त्यांच्या सहकारी शिक्षिका ॲना गिलिंगहॅम यांनी त्यावरून शिकवण्याची एक पद्धत बसवली. तिचे मर्म असे की, अक्षर केवळ डोळ्यांनी शिकू नये. ते पाहावे, त्याचा ध्वनी मोठ्याने उच्चारावा, तो कानांनी ऐकावा आणि त्याच वेळी ते बोटाने गिरवावे. एक ध्वनी पक्का झाल्यावाचून दुसऱ्याकडे वळू नये. आपल्याकडील जुन्या पंतोजींच्या शाळेत धूळपाटी असे. पाटीवर बारीक धूळ पसरून मुले तीत अक्षर गिरवीत आणि त्याचा उच्चार मोठ्याने करीत. डोळा, कान, वाणी आणि हात यांना एकाच वेळी कामास लावण्याची ही रीत पाहिली म्हणजे, कधी कधी जुन्या साधनातही किती शहाणपण असते, याची साक्ष पटते. अवधानाची अडचण असलेल्या मुलाला कामाचे लहान लहान भाग पाडून देणे, दिनक्रम लिहून डोळ्यांसमोर लावणे, पहिल्या बाकावर बसवणे आणि मधूनमधून हालचालीस वाव देणे या गोष्टींचा फार उपयोग होतो. गरज असेल तेथे डॉक्टर औषधही देतात. ते त्यांच्याच देखरेखीखाली घ्यावयाचे असते.

समाजानेही या मुलांची दखल घेतली आहे. महाराष्ट्र शासनाने 1996 पासून अध्ययन-अक्षम विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती देण्यास सुरुवात केली. उत्तरे लिहिण्यास जादा वेळ मिळणे, गरजेप्रमाणे लेखनिक मिळणे, शुद्धलेखनाच्या चुकांसाठी गुण न कापणे, अशा त्या सवलती आहेत. पुढे 2016 मध्ये देशाच्या संसदेने दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा संमत केला. त्यात नमूद केलेल्या 21 प्रकारांत विशिष्ट अध्ययन-अक्षमतेचाही समावेश आहे. तेव्हा ही मदत म्हणजे कोणाची मेहेरबानी नसून त्या विद्यार्थ्याचा हक्क आहे.

काहींना मात्र या सवलती म्हणजे पक्षपात वाटतो. 'त्याला अर्धा तास जादा आणि आम्हांला का नाही?' असे ते विचारतात. ज्याला लांबचे दिसत नाही, त्याने वर्गात चष्मा लावला तर कोणी त्याला लबाड म्हणत नाही. चष्म्यामुळे त्याला उत्तरे मिळत नाहीत. फळा मात्र दिसू लागतो. जादा वेळाचेही तसेच आहे. तो वेळ त्या मुलाला ज्ञान देत नाही. त्याच्यापाशी असलेले ज्ञान कागदावर उतरवण्यास अवसर देतो.

या साऱ्या प्रयत्नांत वर्गमित्रांचा वाटाही मोठा आहे. कायदा परीक्षेतील वेळ वाढवू शकतो, पण वर्गात पिकणारी खसखस कायद्याने थांबत नाही. एखादा मुलगा वाचताना अडखळला, तर त्याला पुरेसा वेळ देणे. त्याचा शब्द त्याच्या तोंडातून ओढून न घेणे. त्याच्यासाठी धडा एकदा मोठ्याने वाचणे, आणि त्याच्याकडून गणिताची रीत शिकून घेणे, एवढे कोणालाही करता येण्यासारखे आहे. थट्टेच्या भीतीने तोंड मिटलेला मुलगा मित्राच्या एका शब्दाने बोलता होतो.

सीफर्डच्या त्या मुलाला सात वर्षे शिकवूनही वाचता आले नाही. ते त्याच्या बुद्धीचे अपयश नव्हते. त्याला शिकवण्याची रीत त्या काळी कोणाजवळ नव्हती, एवढेच त्याचे कारण होय. आज ती रीत सापडली आहे. ज्या मुलाला तिची गरज आहे, तो कदाचित मागच्या बाकावर पुस्तकात मान घालून बसलेला असेल, आणि आपली पाळी येऊ नये अशी मनातल्या मनात प्रार्थना करीत असेल. त्याने आपला तिसरा प्रश्न एकदा मोठ्याने विचारला पाहिजे. आणि तो विचारला गेला म्हणजे, हसू न करता ऐकून घेणारे कोणीतरी वर्गात असले पाहिजे.